लेकीच्या शिरेतलं औषध

पाण्याची ओरड असलेल्या त्या उन्हाळ्यात माझ्या चार वर्षांच्या लेकीनं पोटरीवरचं गळू खाजवलं आणि दोन दिवसांत सगळी पोटरी लाल होऊन सुजली. दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं होती. डॉक्टरीणबाईंनी लालीभोवती पेनानं रेघ ओढली.

"ताप नाही, खातेय. शिरेतून औषध घरीच देऊ. सिस्टर रोज येतील. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर वाट बघू नका. लगेच घेऊन या."

हातात बारीक नळी बसवून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. नवरा वैजापूरला कामावर होता. शहराच्या कडेला, टँकरवर जगणाऱ्या वस्तीत मी आणि पाचोडहून आलेल्या सासूबाई. त्यांना हे पटेना. "घरात कुठं असलं औषध देत्यात व्हय? काय कमीजास्त झालं म्हंजी?"

मी रात्रभर पोटरीवरची रेघच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी औषध सोडायला सुरुवात केली आणि लेक किंचाळली. नळीजवळ हात टम्म फुगला. सिस्टरनी लगेच नळी काढली. "शीर गेली. दुसऱ्या हातात एकदाच बघते. नाही मिळाली तर टोचत बसणार नाही, दवाखान्यात जाऊ. आधी हात धुवायला पाणी द्या."

टँकर आला नव्हता. ड्रमच्या तळाला नुसता गाळ होता. सासूबाईंनी पिण्याची कळशी उचलली आणि सिस्टरच्या हातांवर रिकामी केली. मग नातीला मांडीत घेऊन, करडाला धरावं तशी कवेत घट्ट धरली.

"हालू नको माय. आपल्या काळ्या शेळीला किती करडं झाली, सांगू का?"

लेक हुंदके देत ऐकू लागली. सिस्टर शीर चाचपत होत्या. सुई आत गेली, पण रक्त येईना. सिस्टरनी ती जराशी फिरवली आणि नळीत रक्त आलं.

"मिळाली," त्या हळूच म्हणाल्या.

औषध सावकाश गेलं. हात फुगला नाही. तेव्हा कुठं मी खाली बसले.

पुढं लाली उतरत गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी नळी काढून पातळ औषध लिहून दिलं. सासूबाई पाचोडला निघाल्या. घरी औषध देणं बरोबर होतं, असं त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत. बसमध्ये चढताना एवढंच बोलल्या, "त्या सिस्टरचा हात लई हलका हाय."