चतुराबाईंचा जागल्या

आमच्या मेडशी गावात बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात दुरून ओळखू येतात. चतुराबाईंचे तर मनगटापर्यंत काळे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, तरी हाताला राख चोळून त्या बिब्ब्यातला गर, गोडंबी, काढत आणि हसत बसायच्या. त्यांची सून साधना माझी विद्यार्थिनी, म्हणून त्यांच्या ओट्यावर माझा चहा ठरलेला.

उन्हाळ्यात चतुराबाईंच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती कापली आणि त्याच जागी जेलीसारखं नवं औषध ठेवलं, अजून चाचणीत असलेलं. त्यानं थेंबाथेंबानं सुटत राहायचं, अंगातल्या राखणदार पेशींना जागं ठेवायचं आणि त्यांनी उरलासुरला रोग हुडकून मारायचा. हाताला तिथं बारीक उंचवटा लागे.

"थो माहा जागल्या हाय, रातच्यानं वावर राखनारा," चतुराबाई म्हणत. "रोगाच्या डुकरायले हाकलते. तुमच्यावानी डुलक्या नाही घेत, गुरुजी."

तो उंचवटा हळूहळू विरघळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साधनानं ते घरच्या बोलीत सासूला सांगितलं, "आत्याबाई, थे जिरलं पायजे."

आणि सूज जिरवायची म्हणजे आमच्याकडे बिब्ब्याचा चटका अन् गरम विटेचा शेक.

पोळ्याच्या आधी एका सकाळी गेलो, तर चतुराबाई खुशीत होत्या. "डॉक्टर म्हने जिराले दिवाळी येईन. म्या आताच जिरवली, गुरुजी!"

चुलीपाशी फडक्यात गुंडाळलेली वीट पडली होती. शेजारी बिब्बा टोचलेली सुई. साधनानं ते पाहिलं, हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि फोन लावला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना तिनं विटेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेकलं? उष्णतेनं सगळं औषध एकदम सुटलं असेल. मग जाग्या झालेल्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. ताप आहे का? असाल तशा निघा."

"ताप कायचा?" चतुराबाई म्हणाल्या. "उगी हुडहुडी भरून राह्यली, सकायपासून."

बाहेर पाऊस उघडून ऊन चटकत होतं. साधनानं त्यांना गोधडीवर गोधडी पांघरली, तरी काळे हात थरथरतच होते.

"साधने, माहा जागल्या पयाला काय व?"

"नाही, आत्याबाई. अंदरच हाय थो."

"मंग मलेच कायले मारून राह्यला?"

साधना दारात जाऊन उभी राहिली. नागपूरला न्यायला बोलावलेली गाडी अजून आली नव्हती.