फ्रिज पास, गोदाम नापास

उदारीकरणाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीतून रोज चार्टर्ड बसने गाझियाबादच्या पुढे एका बिअरच्या कारखान्यात जात असे. तिथल्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. "डेअरीत आहे असं सांगत जा," आई पुण्याहून फोनवर म्हणायची. मी तसं कधी सांगितलं नाही.

माल बाहेर पाठवण्याआधी चवीचा निकाल चार पुरुषांचं पॅनल देत असे. सोमवारी अकराला ते टेबलाभोवती बसत आणि त्यांच्यासाठी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये जपलेल्या नमुन्याच्या बाटल्या उघडल्या जात. त्याच मालाचे क्रेट मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तापत असत. हे कुणालाच खटकत नव्हतं.

मी पीत नाही. माझा भरवसा यंत्रावर. बिअरमधला वायू काढायचा, ती काचेच्या लहानशा भांड्यात भरायची आणि तिच्यातून निळा प्रकाश सोडायचा. बिअर शिळी होते तसा तिचा रंग गडद होतो, ती प्रकाश जास्त अडवते, आणि डोळ्यांना कळायच्या आधी ते यंत्राला कळतं. मी गोदामातल्या बाटल्या आणून दर आठवड्याला मोजू लागले. फ्रिजमधल्या बिअरचा आलेख जवळजवळ सपाट होता, गोदामातलीचा चढतच चालला होता.

त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती. पॅनलवरच असलेले प्रॉडक्शनचे साहेब माल सोडायचा कागद घेऊन आले.

"मॅडम, साइन कर दीजिए. पॅनल ने पास कर दिया."

"पॅनल ने फ्रिज पास किया है, सर. गोदाम नहीं."

"अच्छा? आप तो पीती भी नहीं."

"इसीलिए मेरी रीडिंग सुबह-शाम एक ही आती है."

"आपका कन्फर्मेशन लेटर मेरी टेबल पर पडा है. याद है ना?"

"याद है."

त्यांनी स्वतःच सही केली. मी खाली माझे दोन्ही आकडे लिहिले. ट्रक गेले.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिज रिकामा केला आणि नमुन्याच्या सगळ्या बाटल्या गोदामात, उरलेल्या मालाशेजारी ठेवल्या. नमुने कुठे ठेवायचे हे प्रयोगशाळा ठरवते, आणि प्रयोगशाळेत मी एकटीच होते. त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी त्यातल्याच बाटल्या तासभर बर्फात गार करून पॅनलसमोर ठेवल्या. साहेबांनी एक घोट घेतला आणि ग्लास लांब सरकवला.

"ये कहाँ से लाईं?"

"जहाँ आपका बाकी माल रखा है."

पक्की व्हायला मला आणखी एक वर्ष लागलं. नमुने मात्र मी परत फ्रिजमध्ये ठेवले नाहीत.