टोकेरी खिडकी

आखातातल्या अब्बासिया भागातल्या माझ्या दवाखान्यात दारं-खुर्च्या दुरुस्त करायला एक कोकणी सुतार यायचा. आला की आधी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवायचा आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचा, "बरं ना, डॉक्टरबाई?"

भिंतीवर एका प्रसिद्ध अमेरिकन चित्राची प्रत होती. मागे टोकेरी खिडकीचं लाकडी घर, पुढे गवत उचलायचा तीन दात्यांचा काटा धरलेला शेतकरी, शेजारी एक बाई. दोघांचे चेहरे असे, की पेशंट त्यांना 'भांडलेलं जोडपं' म्हणत. चित्रकाराने खेडुतांची थट्टा केली की गौरव, यावर जाणकारही भांडतात, असं मी एकदा सुताराला सांगितलं.

"कसली थट्टा?" तो चक्क चिडला. "मागचं घर बघा वायच! उगाच ताठ उभी आहेत काय ती?"

आणि स्टुलावर चढून त्याने चित्रातल्या खिडकीला फूटपट्टी लावली. मापं प्लायच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा खिशात टाकला.

त्या वर्षी सुट्टीवरून आला तो फोटो घेऊनच. जांभ्याचं नवं घर, कौलांखाली हुबेहूब तीच टोकेरी खिडकी. पुढे हा, हातात रंधा, शेजारी बायको. दोघंही भयंकर गंभीर.

मला हसू आवरेना. "अहो, स्वतःच्या घरापुढे तरी हसायचं!"

"हसणार होती ही, मीच दटावलं," तो म्हणाला. "आम्ही हसत बसलो तर लोक आम्हालाच बघतील. खिडकी कोण बघणार?"