टायरवरचा शेंदूर

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे चार टायर दोनदा आले. पहिले चार चौतीस हजारांचे, दुसरे चार एकतीसचे... शिवाय बसवणं, बॅलन्सिंग, नारळ, लिंबं आणि पाव किलो पेढे. घरचा जमाखर्च मी लिहिते, म्हणून आकडे तोंडपाठ आहेत. पण सांगायचंय ते पैशांचं नाही.

आमच्या निखिलकडे एक स्पोर्टी गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. बसकी, पांढरी, मागे पंखासारखं काहीतरी लावलेली. चाकं कंपनीचीच, सतरा इंची अलॉय. चाकं देखणी, पण टायर पार गुळगुळीत झालेले... त्यात सून पूर्वाला दिवस गेलेले, आणि तिला पुण्याला माहेरी सोडायचं ठरलेलं. वाटेत सेंधव्याचा घाट. माझा जीव तेव्हापासूनच टांगणीला.

कंपनीचा साइज दरवाज्याच्या आत स्टिकरवर लिहिलेला असतो. आमच्या गाडीचा २०५/४५ आर १७. तो इथे उज्जैनमध्ये मिळेना, इंदूरवाला म्हणाला आठवडा लागेल. निखिलला कुठला धीर... त्याने ऑनलाइन २२५/४५ आर १७ मागवले.

"आई, पंचेचाळीस तेच, सतरा तेच. फक्त जरासे रुंद. गाडी काय दिसेल बघ!"

यांनी मला बसून समजावलं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा चाकाचे इंच. मधला मात्र टक्के... रुंदीच्या किती टक्के टायरच्या कडेची उंची, ते.

टक्के म्हटल्यावर मी सावध झाले. शिकले मॅट्रिकपर्यंतच, पण व्याजाचा हिशोब रोजचा. दर तोच ठेवला तरी मुद्दल वाढलं की व्याज वाढतंच ना? तसंच इथे. रुंदी वाढली, म्हणजे पंचेचाळीस तेच दिसले तरी उंचीही वाढली. गणित केलं तर नऊ मिलिमीटर वर, नऊ खाली.

मी म्हटलं, "अरे, टायर मोठा झाला, पण त्याच्या वरची जागा तेवढीच आहे ना?"

"आई, ही एफडी नाहीये गं!" म्हणून हसला. हेही हसले. माधव नगरच्या टायरवाल्याने चारी चाकं बसवली, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आंटीजी, चल जाएगा।"

चल जाएगा... गाडीच्या बाबतीत मला या दोन शब्दांची जेवढी भीती वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं चिंतामण गणपतीला गेलो. आमच्याकडे गाडीचं काहीही नवीन झालं की आधी तिथेच जायचं. पूजेला मी घरूनच शेंदूर तेलात कालवून नेला होता. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मी चारी टायरांच्या कडेला बोटाने शेंदूर लावला. निखिल कुरकुरला, "आई, रबरावर नको ना, निघत नाही ते." मी लावलाच... घाटात जाणार आहे गाडी, एवढं तरी हवं. मग चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली.

परतताना वळणावर, खड्ड्यात, खालून खर्र आवाज आला. पूर्वाने माझा हात घट्ट धरला. निखिल म्हणाला, "खडा असेल." हे म्हणाले, "गाडी फुल्ल भरलीये, म्हणून." मी रामरक्षा सुरू केली.

घरी उतरल्यावर पुढच्या चाकाकडे वाकून पाहिलं. चाकाच्या वरच्या खोबणीत, आतल्या काळ्या प्लास्टिकवर, लालभडक ओरखडे... मला वाटलं रक्त. एखादं कुत्रं, कुणाचं वासरू आलं का खाली? देवदर्शनाहून येताना आपल्या हातून हे काय झालं...

पूर्वा मागून म्हणाली, "आई, थांबा. वास घ्या ना." तिने बोट फिरवून माझ्या नाकाशी धरलं. तेलाचा वास... शेंदूर होता. मीच लावलेला.

टायरच्या कडेचा शेंदूर वर कसा गेला? टायर तिथे घासला म्हणूनच. टायरवाल्याने रिकामी गाडी चालवली होती. चौघं बसल्यावर गाडी दबली, चाक वळलं आणि नवा टायर आत लागला. आणि पुण्याला तर सामानही भरून न्यायचं होतं...

निखिलने उकिडवा बसून आत हात फिरवला. मग उठला, पूर्वाकडे पाहिलं आणि म्हणाला, "इंदूरला फोन लावतो. कंपनीचाच साइज."

पहिले टायर परत करताना ऑनलाइनवाल्यांनी अडीच हजार कापले. मी हूं की चूं केलं नाही. हे म्हणाले, "तुला बरं नाही का गं?"

आज पहाटे दोघं निघाले. काल नव्या टायरांनाही शेंदूर लावला, या वेळी निखिलनेच वाटी धरली. मग चौघांनी बसून, सामान भरून, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं... आत सगळं काळंच राहिलं. तरी मी देवासमोरून उठलेले नाही. फोन मांडीवर आहे, आणि हात रिकामे राहिले की नको ते मनात येतं, म्हणून हे लिहीत बसले.

तुमच्यापैकी कुणी टायर बदलत असाल तर आधी दरवाज्याचं स्टिकर वाचा, आणि माणसं बसवून गाडी वळवून बघा. 

निखिल, हे दिसलं तर तू उत्तर देऊ नकोस, समोर बघ. पूर्वा, तू दे. घाट उतरलात की लगेच... नुसतं "उतरलो" एवढंच लिही.