जमनाबाईच्या दारातली भाकर

महिन्याभरापूर्वी मंगरूळपीरच्या बाजारात मानोऱ्याकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. हातातली कांद्याची पिशवी खाली ठेवत म्हणाला, "मास्तर, तुमची याडी गेली. आठ दिस झाले." बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. माझी आई घरी ठणठणीत आहे, त्या दिवशी सकाळीच माझ्याशी भांडली होती. तरी कोण गेलं हे मला विचारावं लागलं नाही... जमनाबाई गेली.

तिचं नि माझं रक्ताचं नातं नाही, जात एक नाही, गावही एक नाही. एकदा मी पायी चाललो होतो, एवढ्यावरच आमची ओळख झाली.

पाच-सहा वर्षं झाली असतील. बी.ए.चं शेवटचं वर्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला पेपर, आणि आमच्या फाट्यावर सकाळची एस.टी. आलीच नाही. मंगरूळपीरहून दुपारी दोनला अकोल्याची गाडी सुटायची. ती गाठली तर पेपर, नाहीतर वर्ष गेलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईबाप लोकांच्या वावरात राबत होते. ते वर्ष माझ्या एकट्याचं नव्हतं. पिशवी खांद्याला लावली आणि इंझोरीच्या बाजूनं चालू लागलो. घाईत शिदोरी घरीच राहिली. दहा वाजता ऊन असं तापलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. वाटेत बंजाऱ्यांचा तांडा लागला. कडेच्या घरापुढे एक बाई चुलीवर भाकरी करत होती. गाडी गाठून पेपरला जायचंय असं सांगत मी पाणी मागितलं आणि चार हात लांब उकिडवा बसून ओंजळ पुढे केली. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, पण आमच्या गावात पाणी अजून वरूनच ओतलं जायचं. हातांना तीच सवय.

बाईनं तांब्यातून धार धरली. मी तोंड खाली नेतो तोच ती म्हणाली, "कोपरापर्यंत धू ना लेका, किती धूळ हाय!" तिला वाटलं, मी जेवायला हात धुतोय. मग काय, धुतले. तिनं ताट सरकवलं. गरम भाकर, तुरीचं वरण, लाल ठेचा. शेजारी भरलेला तांब्या.

"मले फक्त पानी पाह्यजे होतं," मी म्हणालो.

"मंग हात कायले धुतले?"

मी जेवायला बसलो. एक भाकर भुकेनं गेली. दुसरी मात्र हातातच राहिली. हिला माहीत नाही आणि आपण खातोय, हे मला सोसेना. "बाई, आमी बौद्ध हाओत," मी सांगून टाकलं.

तिचा नवरा फुलसिंग बाजूलाच जेवत होता. त्याचा घास थांबला. तो उठला, आपलं ताट उचललं आणि निंबाखाली पाठमोरा जाऊन बसला. मीही ताटातला हात काढला.

जमनाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी कवाची हाय तुयी?"

"दोनची."

"मंग जेव. आमी दरसाल कामाले जातो, चार-चार दिस पायी. दारात पानी मांगतलं की लोक आंधी पुसतेत, कोन हाय तुमी? मले थो सवाल आवडत नाही. मंग मी काहून पुसू?" तिनं तिसरी भाकर ताटात टाकली. "उपाशी पोटानं पेपरात काय भाकर लिहिशीन?"

मग मंगरूळपीरची जवळची गाडीवाट दाखवायला ती नाल्यापर्यंत आली. गाडी मिळाली. पेपर दिला. मी बी.ए. झालो, आणि हे चारचौघांत सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

निकालाचे पेढे घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, "येवढेच? मले वाटलं बीए झालेला मानूस टोपलं भरून आनीन!" तेव्हापासून तिच्यासाठी माझं नावच 'बीए'. दोन-तीन महिन्यांत एकदा तरी चक्कर व्हायची. फुलसिंगकाका दर वेळी ताट उचलून निंबाखाली. एकदा मी म्हणालो, "याडी, मी आलो की काकाचं जेवन बाहीर होते." ती म्हणाली, "त्याले तिथं सावली हाय. तू जेव."

बाजारातून मी त्याच दुपारी सायकल काढून तांड्यावर गेलो. चुलीपाशी तिच्या जागेवर फुलसिंगकाका बसले होते. भाकर थापत होते. कडा फाटत होत्या, पीठ अंगभर. मला पाहून उठले. दोन ताटं घेतली. आता ते निघतील म्हणून मी पाय आखडून वाट करून दिली... ते माझ्याच शेजारी मांडी घालून बसले.

"जयली हाय," ताटाकडे बघत म्हणाले. "तिच्यावानी नाही जमत मले."

"चालते, काका."

भाकर खरंच जळली होती. मी अजून एक मागून घेतली.