नेकनूर-बीड, एकच शीट

वीतभर लांबीच्या नकली गाड्या बनवणाऱ्या माणसाला कधी "दाखवा बरं एखादी" म्हणून बघा. तीन किस्से सांगून होतात, पण गाडी काही डब्यातून बाहेर येत नाही. आमच्या सलीमच्या दुकानात आम्ही तिघंच बसतो. गाड्या वर्षाला दोन-तीन होतात, किस्से मात्र विचारू नका. मी सांगायला बसलो की शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "पुरं करा, तोंड दुखंल." हे वाक्य ऐकायला मला लई बरं वाटतं. का ते पुढं कळेल.

*

मी अंकुश. नेकनूर ते बीड काळीपिवळी जीप चालवायचो. आमच्या स्टँडवर जीपा नंबरानं उभ्या राहतात. पुढची भरून गेली की मागचीचा नंबर. भरेस्तोवर ड्रायव्हरनं ओरडायचं. गाडीत चिटपाखरू नसलं तरी ओरडायचं एकच, "बीड, बीड, बीड! चला, एकच शीट!"

कौसामावशी रोज भाजीची पाटी घेऊन बीडला जायची. हे ऐकून ती दारातून आत डोकवायची. "समदी गाडी मोकळी हाय की, मुडद्या. किती खोटं बोलशील?" आणि पाटी पायाशी ओढून पुढच्या शीटवर बसायची. रोज हेच.

मग मला लकवा मारला. पाय सुधारला, पण उजव्या हातातला जोर गेला आणि जीभ जड झाली. गाडी विकली. दवाखान्यातून आल्यावर एकदा हौसेनं स्टँडवर गेलतो. "बीड" म्हणायला गेलो आणि तोंडातून भलतंच काहीतरी घरंगळलं. सोबतचे ड्रायव्हर हसले असते तर परवडलं असतं. ते गप्प झाले आणि एकानं मला बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापासून मी स्टँडकडं फिरकलो नाही आणि चारचौघांत तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "बोटं हलवत राहा, बोलत राहा, दोन्ही परत येईल." बोटं कशीबशी हलवता यायची. बोलायची मात्र लाज वाटायची.

*

शोभानंच मला धरून बसमध्ये घातलं आणि बीडला सलीमच्या दुकानात आणून सोडलं. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. नंबरप्लेट आणि रेडियमचं त्याचं दुकान. मागच्या टेबलावर तो आणि गेवराईचे डांगे सर सनबोर्ड, म्हणजे फोमचा जाड पुठ्ठा, कापून गाड्या बनवतात. सर म्हणजे रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर.

"सलीमभाऊ, ह्यांना काहीतरी काम लावा," शोभा म्हणाली. "दिवसभर भिंतीकडं बघत बसत्यात."

सलीमनं माझ्यापुढं एक जुनी रबरी चप्पल टाकली. "टायर काप बे."

उजव्या हाताच्या बोटांत कात्री अडकवून मी अर्धा दिवस खपलो. टायर निघालं भज्यासारखं. मी ते हळूच खिशात घालायला लागलो, तर सलीमनं हिसकावून घेतलं आणि उजेडात धरून बघितलं.

"चालतंय. ट्रॅक्टरला मागून लावू. शेतातली गाडी, कोण बघायलंय?"

*

गाडीच्या हेडलाइटला काच लागते. ती आम्ही गोळ्यांच्या पाकिटातून काढतो. गोळी काढल्यावर प्लास्टिकचा जो गोल फुगा उरतो ना, तो. माझ्या बीपीच्या गोळीचा फुगा जीपच्या हेडलाइटला अगदी मापात बसतो.

मी तेव्हा गोळ्या चुकवायचो. काय फरक पडतो, असं डोक्यात बसलं होतं. एक दिवस सलीमनं माझ्या खिशातून पाकीट काढलं. सगळं भरलेलं.

"कावून बे? तुझ्यामुळं दोन गाड्या आंधळ्या पडल्यात."

त्यानं पाण्याचा ग्लास हातात दिला आणि गोळी घशाखाली जाईस्तोवर समोर उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा फोन. तब्येत कशी आहे, हे त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही. विचारतो एवढंच, "हेडलाइट झाला का?"

*

सरांचं वेगळंच. त्यांना चकचकीत गाडी बघवत नाही. "गाडी रस्त्यावरून आलेली दिसली पाहिजे," असा त्यांचा हट्ट. त्यासाठी गाडीला धूळ लावायची, आणि ती गेवराईच्या हायवेवरचीच, मैद्यासारखी बारीक. सर घरून ती पिठाच्या चाळणीनं चाळून बरणीत भरून आणतात.

एक दिवस सर आले ते चेहरा पाडून.

"काय झालं, सर?"

"काल जावईबापू आले होते. म्हणाले, पोळी जरा कचकच लागतेय."

सलीमनं हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "मग?"

"मग आमच्या मंडळी म्हणाल्या, गिरणीवाल्यानं जात्याला टाकी लावली असेल, दगडाची कच आली पिठात."

"अन् तुमी काय म्हणालात?"

सरांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "मी म्हटलं, उद्यापासून गिरणी बदलू."

*

माझं भज्याचं टायर लावून ट्रॅक्टर तयार झाला. सलीमनं तो दुकानामागच्या मातीत ठेवला, मोबाइल जमिनीला टेकवून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "रेडी आहे."

दोन दिवसांनी दिंद्रुडहून एक शेतकरी मेव्हण्याला घेऊन दुकानात हजर. कुणीतरी फोटो पुढं पाठवला होता.

"विकायचा ट्रॅक्टर कुठं लावलाय?"

सलीमनं कपाट उघडलं आणि ट्रॅक्टर तळहातावर घेऊन आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. एवढ्या लांबून आलेला माणूस. पण त्यानं चष्मा लावला, टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं.

"बाकी समदं झकास हाय," तो म्हणाला, "पण मागचं टायर वाकडं हाय. कुणी कापलं?"

सलीम ब्लेड पुसायला लागला. सर बरणीचं झाकण लावायला लागले. मी हात वर केला. "म्या."

एकच अक्षर, पण अनोळखी माणसापुढं स्वच्छ उमटलं. मग मला जे हसू सुटलं, ते थांबेचना. मेव्हणा हसला, शेतकरी हसला, सरांना ठसका लागला. पाहुणे चहा पिऊन गेले. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, ह्याची मला अजून रुखरुख आहे. त्याचे आभार मानायचे होते.

*

त्यानंतर दोघं माझ्यापासून काहीतरी लपवायला लागले. मी गेलो की टेबलावर टॉवेल. एक दिवस सरांनी टॉवेल काढला. खाली माझी काळीपिवळी. तीच नंबरप्लेट, टपावर कॅरियर, आत शीटा, दारं उघडणारी.

दोघांना शाबासकी द्यायची, तर माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "ही माझी न्हाई. माझी एवढी गुळगुळीत कुठं होती?"

खरंच होतं ते. माझ्या जीपच्या डाव्या दाराला भलामोठा पोचा होता. पोचा पाडायचा म्हणजे गरम चमचा टेकवायचा. पण सरांनी ते दार महिनाभर घासून घासून एकसारखं सपाट केलं होतं. त्यांनी चमचा तापवला, दाराजवळ नेला आणि परत आणला. सलीमनं घेतला, त्याचाही हात होईना.

मला न्यायला आलेली शोभा हे बघत होती. तिनं चमचा घेतला आणि बरोबर जागेवर टेकवला. "हितं बाभळीला घासली होती," ती म्हणाली. "अन् ह्यांनी गाववाल्यांना सांगितलं, बैल आडवा आला."

राहिला फक्त बाजूचा आरसा. ज्वारीच्या दाण्याएवढा. सलीमनं चिमटा माझ्याकडं सरकवला आणि दोघं मुद्दाम दुसरीकडं बघायला लागले. सरांनी उठून पंखा तेवढा बंद केला. मी उजव्या हातानं आरसा उचलला. चिमटा सुटला नाही. आरसा बसला. ह्या दोघांचं मी काय देणं लागतो, ते मला सांगता येत नाही.

*

"फोटो स्टँडवरच काढायचा," सलीम म्हणाला. मी नाही म्हटलं. शोभा म्हणाली, "मी यायले ना संगं."

नेकनूरच्या स्टँडवर जीप डब्यातून काढली. ड्रायव्हर गोळा झाले. पोचा बघून एकजण म्हणाला, "अरे, बैलाचा पोचा बी हाय की."

नंबर लावणाऱ्यानं भाजीचं एक रिकामं क्रेट आणलं, दोन जीपांच्या मधी पालथं घातलं आणि माझी गाडी त्यावर ठेवली. मग मागच्या ड्रायव्हरला म्हणाला, "इंजन बंद कर. आता अंकुशभाऊचा नंबर हाय. ही भरल्याबिगर तुझी निघायची न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला खुर्ची देणारा तो ड्रायव्हरही तिथंच होता. शोभा डबा छातीशी धरून उभी होती. परत फिरावं, असं मनात आलंच.

तेवढ्यात गल्लीतून कौसामावशी आली. डोक्यावर पाटी, तीच चाल. तिला बघितलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"बीड... बीड, बीड. चला, एकच शीट!"

पहिला "बीड" जरा घसरला. "शीट" मात्र खणखणीत आलं.

मावशी थांबली. तिनं पाटी खाली उतरवली. गुडघ्यावर हात टेकवून वाकली, एक डोळा मिटला आणि माझ्या गाडीच्या दारातून आत बघितलं. चांगलं निवांत बघितलं.

"समदी गाडी मोकळी हाय की, मुडद्या," ती म्हणाली. "किती खोटं बोलशील?"

आणि पाटी पायाशी ओढून क्रेटच्या शेजारी, पुढच्या शीटच्या बाजूला, खाली बसली.