वैजापूरला राहून गेलेला रविवार

त्या दुष्काळात आई-वडील मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरले आणि मी शहरात राहिले. पंपांवर बसवून ते चालू-बंद करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मला नुकतीच नोकरी लागली होती. शहर फुलंब्रीच्या रस्त्यानं वाढत चाललं होतं. ज्या माळावर आमची मेंढरं चरायची, तिथल्याच एका नव्या इमारतीत मी भाड्यानं राहत होते.

आईचा फोन एखाद्या टपरीवर चार्ज झाला तरच लागायचा. एका दुपारी लागला.

"वैजापूरच्या अलीकडं बसलोय, एका कांद्याच्या रानात. रविवारी ये. लई दिस झाले तुला बघून."

"येते," मी म्हणाले.

शुक्रवारी घोटाळा झाला. यंत्रात आम्ही नवं कर्नेल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्राम, घातलं होतं. त्यात एक फाईल जुन्या जागी दिसेनाशी झाली. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांमधले छोटे प्रोग्राम, अपडेट करणारं सॉफ्टवेअर नेमकी तीच फाईल शोधायचं. ते अडून बसलं. ते बाहेरून घेतलेलं, दुरुस्तीला महिने लागणार होते. आणि आमची यंत्रं टँकर भरायच्या पंपांवर बसलेली; ती अडली तर पाणी अडणार.

"तोवर कर्नेलमध्येच तात्पुरतं काहीतरी कर," साहेब म्हणाले. "फाईल जुन्या जागी दिसू दे. आणि वर लिहून ठेव, हे नंतर काढायचंय."

काम चार ओळींचं, पण तपासण्यात आठवडा जाणार होता. आईला कळवलं, पुढच्या रविवारी नक्की.

"व्हय, काम कर," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी एसटीनं गेले. रानात लेंड्या आणि तीन दगडांची गार चूल. बांधावरून शेतकरी आला.

"तू त्यांची पोरगी व्हय? विहीर आटली, बाई. बाकीचे मेंढरंवाले कवाच गेले. तुझी आय दोन दिस तशीच थांबली, पोरगी येणार म्हणून. मेंढरं तहानेनं वरडायला लागली, तवा परवा दोघं उठली."

मी त्या चुलीपाशी बसून आईचा फोन लावत राहिले, लागला नाही.

तीन महिन्यांनी सॉफ्टवेअर दुरुस्त होऊन आलं आणि त्या चार ओळी मीच पुसल्या. आई-वडील परतले, पण आई त्या दोन दिवसांबद्दल बोलली नाही. मलाही विचारवलं नाही. वर्षभरात मेंढरं विकली गेली.

आता दोघं माझ्याजवळ असतात. आई बरी आहे. पण रानात मेंढरांना हाक घालणारी आई मला परत बघायला मिळाली नाही. कधी मी तिला म्हणते, एकदा घाल ना तशी हाक. ती हसते.

"इथं कुणाला घालू?"